मनोहररावांच्या निधनाची बातमी

१

मनोहरराव काळबांडे वारले, ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती मनोहररावांनाच.

ते बेसा चौकातून भाजी घेऊन परतत होते. मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. घराच्या फाटकासमोर पंधरा-वीस माणसं खाली माना घालून उभी दिसली. शेजारच्या जोशींच्या हातात हार होता.

"कोण गेलं गा?" मनोहररावांनी विचारलं.

जोशींच्या हातातला हार खाली पडला. एक बाई किंचाळली. मग कोणीतरी चाचरत सांगितलं, "काका, आत्ता रेडिओवर... सकाळच्या बातम्यांत... तुमचंच सांगितलं."

मनोहरराव आधी हसले. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओवर शेतकऱ्यांना हसवलं होतं, त्यामुळे हसू आधी येणं ही त्यांची सवयच होती. पण लगेच त्यांनी विचारलं, "अन् कांता कुठं हाय? तिनं दार काहून नाही उघडलं?"

दाराचं लॅच आतून लागलेलं होतं. लोकांनी घंटी वाजवली होती. कोणी आलं नाही, तेव्हा घरचे सगळे मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्यात गेले असतील असं समजून ते बाहेरच थांबले होते.

मनोहररावांनी खिशातून किल्ली काढली. स्वयंपाकघरात रेडिओ चालूच होता, त्यावर कसलंसं भक्तिगीत लागलं होतं. ओट्याखाली कांताबाई पडल्या होत्या. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. नवरा समोर बसून हाका मारत होता, आणि त्या त्याच्याकडे भूत पाहावं तशा पाहत होत्या.

बाहेर माणसं उभी होती, तेवढा सगळा वेळ त्या तशाच पडून होत्या.

२

सरकारी रेडिओच्या नागपूर केंद्रात दुपारपर्यंत दिल्लीहून दोनदा फोन आले. केंद्र संचालकांनी उत्तरा पांढरीपांडे यांना बोलावून घेतलं. उत्तराबाई तिथल्या सहायक संचालक. निवेदिका म्हणून त्या लागल्या होत्या, तेव्हा केस काळे होते. आता निवृत्ती जवळ आली होती.

"मॅडम, चूक असेल तर चूक म्हणून सांगा. खोडसाळपणा असेल तर नाव सांगा," संचालक म्हणाले. मग आवाज उतरवून, "गिरिधरचं आणि मनोहररावांचं काही बरं नव्हतं. केंद्राच्या कार्यक्रमात त्यांनी गिरिधरच्या उच्चारांची नक्कल केली होती, आठवतं?"

गिरिधर सोनटक्के सकाळच्या बातम्यांचे संपादक. वृत्तकक्षात ते एकटेच बसले होते, चहाचा कप तसाच भरलेला.

"फोन आला मॅडम," ते म्हणाले. "बातम्या सुरू व्हायला थोडाच वेळ होता. बाई बोलून राहिली होती. म्हणाली, मी काळबांड्यांची सून, बेशाहून. बाबा पहाटे गेले."

"नंबर?"

"तो जुना फोन आहे, त्याच्यात नंबर दिसत नाही."

"तुम्ही उलट फोन करून खात्री केली?"

गिरिधरनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "त्यांच्या घरचा नंबर माझ्याकडे होता. डायरी काढायचीसुद्धा गरज नव्हती, मोबाइलमध्येच होता." पुढे म्हणाले, "मला वाटलं, मनोहररावांची बातमी इतर कुणाच्या आधी आपल्या रेडिओवर यावी. आपलाच माणूस. लोक म्हणत असतील मी सूड घेतला. तसं नाही हो. पण आता त्यानं काय फरक पडतो?"

त्यांनी बातमीचा कागद पुढे केला. उत्तराबाईंना कागद मोठ्यानं वाचायची सवय होती.

"'शिवारातल्या गप्पा' या कार्यक्रमातून घराघरांत पोहोचलेल्या रुपराव-मनोहर या जोडीतले ज्येष्ठ कलावंत मनोहरराव काळबांडे यांचं आज पहाटे बेसा इथं राहत्या घरी निधन झालं."

वाचताना त्यांची जीभ एका जागी अडखळली. आयुष्यात हजारो बातम्या वाचलेली जीभ सोप्या वाक्यात का अडावी, हे त्यांना उमगेना. त्यांनी परत वाचलं. परत तिथंच अडली.

३

कांताबाईंना धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. उत्तराबाई दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेल्या. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मनोहरराव बसले होते. त्यांच्या शेजारी एसटीच्या कंडक्टरच्या खाकी गणवेशातली एक बाई थर्मासमधून चहा ओतत होती. उत्तराबाईंना पाहताच तिनं थर्मास बाकावर ठेवला आणि जिन्यानं वर निघून गेली.

"कोण होत्या?"

"देवमाणूस हाये जी. तिची माय वरच्या मजल्यावर भरती हाये म्हणते. कालपासून आमचा डबा तीच आणून राहिली." मनोहररावांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "मॅडम, लोकं फोन करून विचारतात, तुमी जित्ते हा ना? काय सांगू? मी जित्ता हाओ, पण जिनं माह्यासाठी जीव टाकला थे बोलत नाही."

"तुमचा कोणावर संशय?"

"माह्यावर कोण कायले राग धरन? मी काय आमदार हाओ का?"

त्यांची सून अरुंधती खाली औषधांच्या दुकानाशी भेटली. उत्तराबाईंनी काही विचारण्याआधीच तिनं सांगून टाकलं, "मी फोन केला नाही. सगळे तेच विचारतायत. त्या बाईनं माझं नाव घेतलं नव्हतं ना? फक्त सून म्हणाली ना?"

"फक्त सून. पण त्या वेळी तुम्ही घरी नव्हतात. कुठं होतात?"

"कामाला."

"सकाळच्या बातम्यांच्या वेळेला? तुमचं ऑफिस त्यानंतर बऱ्याच वेळानं उघडतं."

अरुंधतीनं औषधांची पिशवी घट्ट धरली. तिचा नवरा पुण्याला कामानिमित्त गेला होता. घरी कांताबाई एकट्या राहतील हे माहीत असून ती निघाली होती.

"फ्लॅट पाहायला गेले होते," ती शेवटी म्हणाली. "मनीषनगरला. वेगळं राहायचं ठरवत होतो आम्ही. घरात सांगितलं नव्हतं. आईंनी नाश्ता करून जा म्हटलं, मी म्हटलं उशीर होतोय. मी घरात असते तर लगेच उचलून आणलं असतं त्यांना. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं." मग डोळे पुसून ती एकदम चिडून म्हणाली, "आणि खरं सांगू का? मला ती बातमी लिहितासुद्धा आली नसती. मनोहर-रुपराव, मनोहर-रुपराव, लग्न होऊन आल्यापासून तेवढंच ऐकलंय मी. शिवारातल्या गप्पा की काय, ते नाव मला काल कळलं."

उत्तराबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय म्हणालात? परत म्हणा."

"काय? मनोहर-रुपराव?"

जीभ कुठं अडखळली होती, ते उत्तराबाईंना आता कळलं.

४

केंद्रात परत येऊन त्यांनी ग्रंथालयातून 'शिवारातल्या गप्पा'ची जुनी टेप काढायला लावली. सुरुवातीला त्यांचाच कोवळा आवाज आला. "ऐकू या, मनोहर-रुपराव." मग ती जोडी. मनोहररावांचा खणखणीत आवाज, आणि त्याला टोले देणारा रुपरावांचा घोगरा, सावकाश आवाज. रुपराव पराते उमरेडचे. घरी हातमाग होता, रेडिओवर ते गमतीदार उलट उत्तरं द्यायचे. बरीच वर्षं झाली त्यांना जाऊन.

उत्तराबाईंनी गिरिधरना बोलावलं. "'रुपराव-मनोहर' हे तुम्ही लिहिलंत, की तिनं सांगितलं?"

"तिनं सांगितलं तसंच उतरवून घेतलं. ती फार सावकाश, शुद्ध बोलत होती. पाठ केल्यासारखी."

"आपण केंद्रातले सगळे मनोहर-रुपराव म्हणतो. घोषणाच तशी होती. मनोहररावांच्या घरीही तसंच. मग रुपरावांचं नाव आधी कुठं येईल?"

"रुपरावांच्या घरी," गिरिधर हळू आवाजात म्हणाले.

"आणखी काय बोलली ती? सगळं आठवा."

गिरिधरनी डोळे मिटले. "विचारलं, संध्याकाळी त्यांची टेप लावाल ना? मी म्हटलं, लावणारच, आपल्याकडे कलावंत गेला की लावतोच. तर ती रडायला लागली. मला वाटलं, सासऱ्याच्या आठवणीनं. मग म्हणाली, जोडीची लावा, दोघांची. आणि फोन ठेवला."

"आणि आपण संध्याकाळी काय केलं?"

"रद्द केली. दुपारच्या बातम्यांत दिलगिरी सांगितली ना आपण. जिवंत माणसाला श्रद्धांजली कशी वाहणार?"

उत्तराबाईंनी टेपचं यंत्र बंद केलं. सगळे शोधत होते ते मनोहररावांचा वैरी. पण फोन करणारीला मनोहररावांशी काही घेणंदेणंच नव्हतं. तिला हवी होती टेप. तीही दोघांची. आणि तिला माहीत होतं की रुपराव तर आधीच गेले, आता जोडीची टेप लागायची तर एकाच माणसाच्या जाण्यानं.

त्यांनी मनोहररावांना फोन लावला. "भाऊ, रुपरावांच्या घरी कोण असतं?"

"त्याची बायको हाये, रुखमाबाई. अन् एक पोरगी. इवलीशी होती, मी पाहिली तवा. श्वेता. एसटीत कंडक्टर लागली म्हणे."

"वरच्या मजल्यावर कोणते पेशंट असतात तिथं?"

पलीकडे मनोहररावांनी नर्सला विचारल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "नर्सबाई म्हणते वर पेशंटच नाहीत. लॅब अन् ऑफिस हाये." आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, मंग थे डबेवाली वर कोणाले भेटायले जाते?"

५

श्वेता पराते दवाखान्याच्या मागच्या बाजूला, चहाच्या टपरीजवळच्या कठड्यावर बसलेली सापडली. हातात मोकळा डबा होता. उत्तराबाईंना पाहून ती या वेळी उठली नाही.

"मी येणार होती तुमच्याकडं," ती म्हणाली. "पाय उचलत नव्हते."

"आई कुठं आहे तुमची?"

"पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात. पोटाचा कॅन्सर हाये. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं, पर घरी दुखणं सोसत नाही तिले." श्वेतानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "ती एकच गोष्ट मांगते. बाबाचा आवाज. आमच्या घरी बाबाचा फोटो हाये, आवाज नाही. बाबा गेले तवा तुमी रेडिओवर टेप लावली होती, पर त्या दिवशी घरात मयत पडलेली. कोण ऐकते?"

"म्हणून तुम्ही मनोहररावांना मारलंत."

"मले वाटलं, दुपारपर्यंत कळन, लोकं हसतीन. जित्या माणसाची मेल्याची बातमी आली का त्याचं आयुष्य वाढते म्हणतात ना मॅडम? मी असाच विचार केला. मनोहरकाकाचं आयुष्य वाढन, अन् माह्या आईले बाबा ऐकू येतीन." तिचा आवाज फाटला. "त्यायच्या घरी काकू रेडिओ ऐकत असतीन, हे माह्या डोक्यातच नाही आलं. बसमधी दिवसभर माणसं मोजते मी. एक बाई नाही मोजली."

"काल इथं कशा आलात?"

"दुपारी रेडिओवर त्यांनी सांगितलं, मनोहरराव जिवंत आहेत, पत्नीची प्रकृती गंभीर. मी बेशाले गेली. शेजारचे म्हणाले, धंतोलीले नेलं. तवापासून डबा देऊन राहिली. काकानं हात धरून मले आशीर्वाद देला, मॅडम. मले वाटलं तिथंच जमीन फाटावी."

उत्तराबाई तिच्या शेजारी बसल्या. "आमच्याकडे सरळ यायचं होतं ना. टेप हवी म्हणून सांगायचं."

"आली होती."

"केंद्रात? कोणाला भेटलात?"

श्वेतानं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता.

"तुमालेच, मॅडम. ड्युटीवरून सरळ आली होती, याच कपड्यात. तुमी मोबाइल पाहून राहिल्या होत्या. म्हणाल्या, कॉपी बाहेर देता येत नाही, दिल्लीले अर्ज करा. मी म्हटलं, आईपाशी तेवढा टाइम नाही. तुमी म्हणाल्या, नियम आहे."

उत्तराबाईंनी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. तो दिवस, तो आवाज, ती खाकी साडी, काहीच आठवेना. आठवलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सकाळी मले पाहून तुमी ओळखसान, या भेवानं मी जिना चढून गेली," श्वेता म्हणाली. "तुमी ओळखलंच नाही."

६

त्या संध्याकाळी 'शिवारातल्या गप्पा'मधला मनोहर-रुपराव यांचा एक जुना भाग लागला. कोणी मेलं नव्हतं, कसला स्मृतिदिनही नव्हता. उत्तराबाईंनी दुपारी कार्यक्रमपत्रिकेत बदल करून सही केली, एवढंच. त्याला दिल्लीची परवानगी लागत नव्हती. कधीच लागत नव्हती. सही करताना हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पेन हातातच राहिलं.

त्या स्वतः रुखमाबाईंच्या खाटेजवळ जाऊन बसल्या. श्वेतानं छोटा रेडिओ आईच्या कानाशी धरला. घोगरा आवाज सुरू झाला तशी त्या वाळलेल्या म्हातारीनं डोळे उघडले.

"तोंडात सुपारी हाये त्यायच्या," ती म्हणाली. "किती सांगितलं, रेडिओत जाताना थुकून जात जा." आणि ती हसली. कार्यक्रम संपेपर्यंत ती मध्ये मध्ये उत्तरं देत होती, नवऱ्याला, मनोहररावांनाही. शेवटी तिनं विचारलं, "श्वेता, काल लागनार म्हणून राहिली होतीस. आज काहून लागलं वं?"

"काल जमलं नाही, आई," श्वेता म्हणाली, आणि रेडिओ बंद करून बाहेर गेली.

बाहेर व्हरांड्यात तिनं उत्तराबाईंना सांगितलं, "काकाले मीच सांगते. तुमी नका सांगू."

मनोहररावांनी सगळं ऐकून घेतलं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या त्याच बाकावर बसूनच. श्वेता त्यांच्या पायाशी फरशीवर बसली होती. गिरिधर आले होते, ते थोडे लांब उभे होते. अरुंधती भिंतीला टेकून होती.

"पोलिसात द्या मले," श्वेता म्हणाली.

"तिथं जाऊन काय सांगू? मी मेलो नाही म्हणून?" मनोहरराव म्हणाले. "रुप्याची पोरगी तू. तुले कडेवर घेतलं हाये मी." मग त्यांनी अतिदक्षता विभागाच्या दाराकडे बोट केलं. "पर माफी माह्यापाशी नाही. जिचं वाईट झालं थे आत हाये. तिच्या वाटची माफी मी कशी देऊ? बोलन तवा तिलेच मांग."

"अन् नाही बोलल्या तं?"

"मंग तुलेही तसंच राहा लागन. मलेही."

उत्तराबाईंनी अहवाल लिहिला. वृत्तकक्षानं खात्री केली नाही, हे लिहिलं. गिरिधरनी त्याखाली आपणहून सही केली. फोन कोणी केला तेही लिहिलं, आणि काळबांडे कुटुंबाची तक्रार नाही हेही. शेवटच्या परिच्छेदात फोन करणारी आधी केंद्रात कोणाला भेटली होती आणि तिला काय उत्तर मिळालं, ते स्वतःच्या नावासकट लिहिलं. संचालक म्हणाले, "हा परिच्छेद काढा मॅडम. ह्याचा बातमीशी काय संबंध?" उत्तराबाईंनी तो काढला नाही. पण दिल्लीहून त्याबद्दल कोणी कधी विचारलंही नाही, आणि न विचारलं जाणं त्यांना शिक्षेपेक्षा जड गेलं.

रुखमाबाई पुढच्या आठवड्यात गेल्या. कांताबाईंना घरी आणलं. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. अरुंधतीनं फ्लॅटचं नाव परत काढलं नाही. सकाळी घाईघाईनं निघताना ती आता दारात उगाच थांबायची.

श्वेता ड्युटी संपली की उमरेडची शेवटची गाडी सुटायच्या आधी बेशाला यायची. कांताबाईंच्या हातात मऊ चेंडू देऊन बोटं मिटवायला लावायची, तोंड पुसायची, केस विंचरायची. मनोहरराव तिला ये म्हणायचे नाहीत आणि जा म्हणायचे नाहीत. चहा मात्र तिच्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा.

कांताबाईंना आधी एकेक अक्षर फुटू लागलं. मग पाणी. मग नवऱ्याचं नाव, तेही अर्धवट. दसरा झाल्यावर एका दुपारी श्वेता त्यांची वेणी घालत होती. कांताबाईंनी डावा हात मागे नेऊन तिचं मनगट धरलं. मान वळवायला त्यांना वेळ लागला. त्यांनी त्या खाकी कपड्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"तू... कोन वं?" त्या म्हणाल्या. "रोज येतं."

मनोहरराव दारात उभे होते. ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मागून दार लोटून घेतलं.

श्वेतानं हातातली फणी खाली ठेवली. ती उठून कांताबाईंच्या समोर, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी बसली.

"मी श्वेता, काकू," ती म्हणाली. "त्या दिवशी रेडिओत फोन केला होता, थो मी केला होता."

कांताबाईंनी तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. बोटं मिटत होती की उघडत होती, ते श्वेताला कळेना. ती पुढचं सांगू लागली.